आज लागतं, उद्या उमटतं

आमच्या घरी फडताळाच्या वरच्या कप्प्यात एका पत्र्याच्या डबीत बिबे असत. कुणाच्या पायात काटा मोडला की आजी त्यातला एक काढायची, सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरायची आणि फसफसून वर आलेला काळा थेंब नेमका काट्याच्या जागी टेकवायची. त्या डबीला पोरांनी हात लावायचा नाही, असा सक्त नियम. सात-आठ वर्षांचा असताना मी तो मोडला. एक बिबा फोडून पाहिला, मनगटाला तेल लागलं, ते फडक्यानं पुसून टाकलं. आग नाही, चुरचुर नाही, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगट लाल झालं, रात्री खाज सुटली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यानं टरटरलेले फोड. आजीनं एकदाच पाहिलं आणि विचारलं, "बिब्याला हात लावलास ना रे?" मग खोबरेल लावता लावता म्हणाली, "तो लागतो आज नि उततो परवा."

पुढे कितीतरी वर्षांनी मस्टर्ड गॅसबद्दल वाचताना मला तो परवाचा दिवस आठवला. चटका बसला की आपण तत्क्षणी हात मागे घेतो. मग एखादी गोष्ट कातडीला आज लागते आणि फोड उद्या येतो, तर मधल्या वेळात कातडीच्या आत नेमकं काय चाललेलं असतं?

या प्रश्नाचं उत्तर माणसाला फार भयंकर रीतीनं शोधावं लागलं. १२ जुलै १९१७ च्या रात्री बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन तोफांचे गोळे पडायला लागले. त्यांच्यावर पिवळी फुली रंगवलेली होती. खंदकातल्या इंग्रज सैनिकांना मोहरीसारखा, लसणासारखा वास आला, थोड्या शिंका आल्या. त्यांना क्लोरीनचा अनुभव होता, श्वास कोंडणाऱ्या फॉस्जीनचा होता. त्या मानानं हे काहीच नव्हतं. बरेच जण जाऊन झोपले. काही तासांनी जागे झाले ते डोळ्यांत वाळू गेल्यासारखे डोळे चोळत. मग पापण्या सुजून मिटल्या, काखेत आणि जांघेत लाली पसरली आणि त्या लालीवर फोड उठू लागले.

लोक त्याला मस्टर्ड गॅस म्हणू लागले. खरं पाहता तो गॅसही नव्हे आणि मोहरीशी त्याचं नातं वासापुरतंच. तो एक तेलकट द्रव आहे. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, तसा हा साधारण १४ अंश सेल्सिअसला थिजतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे तो मातीत गोठून पडून राहील आणि ऊन वर आलं की पुन्हा वाफ होऊन उठू लागेल. रात्री निर्धोक वाटलेला खंदक सकाळी दहा वाजता विषारी व्हायचा तो असा.

आता या तेलाचा एक थेंब मनगटावर पडला आहे असं समजा आणि आपण त्याच्याबरोबर आत उतरू.

आपली कातडी म्हणजे वरवर दिसते ती एकच एक चादर नव्हे. सगळ्यात वर मेलेल्या पेशींचे पापुद्रे असतात, कौलांसारखे एकावर एक रचलेले. आपण आरशात पाहतो, पावडर लावतो, ज्यावर ऊन झेलतो ती कातडी मेलेलीच असते. तिच्या खाली, कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर, पायाच्या पेशींची एक ओळ असते. ही खरी आईची ओळ. तिथं पेशी दुभंगतात, एक लेक वर ढकलली जाते, ती हळूहळू चपटी होत, मरत, सुमारे महिनाभरात पृष्ठभागी पोचते आणि आंघोळीच्या टॉवेलाबरोबर निघून जाते. आज तुमच्या अंगावर असलेली वरची कातडी पुढच्या महिन्या-दीड महिन्यात बदललेली असेल. आपण साप नाही, म्हणून आपली कात एकदम उतरत नाही, एवढंच!

मस्टर्डच्या थेंबातला बहुतेक भाग, पाचातले चार हिस्से म्हणा, हवेत उडून जातो. उरलेला पाचवा हिस्सा तेलकट असल्यामुळे कातडीच्या स्निग्ध पापुद्र्यांतून विनासायास आत उतरतो. त्यातलाही बराचसा रक्तातून वाहून जातो. कातडीत अडकतो तो अगदी थोडा. आणि सगळा उत्पात तो थोडा भाग करतो. काख, जांघ, मानेच्या घड्या, पापण्या अशा घामट आणि पातळ ठिकाणी जास्त, तळव्यांच्या जाड कातडीवर कमी.

तो करतो तरी काय? या रेणूच्या मध्ये गंधकाचा एक अणू आहे आणि त्याला दोन बाजूंना दोन हात. प्रत्येक हाताच्या टोकाला क्लोरीन. पाण्याचा ओलावा मिळाला की गंधक आपलाच एक हात वाकवून स्वतःकडे ओढतो, टोकाचा क्लोरीन झटकून देतो आणि तीन कोनांचं एक आवळलेलं कडं तयार होतं. हे कडं म्हणजे ताणून धरलेली बेचकी. ते सुटायला टपलेलंच असतं आणि सुटता सुटता जवळ जे सापडेल त्याला घट्ट धरतं. पेशीच्या गाभ्यात जवळ सापडतो तो डीएनए. एक हात डीएनएच्या एका पट्टीला चिकटला की दुसरा हात वाकतो, पुन्हा तेच कडं, पुन्हा तोच झटका, आणि कधीकधी हा दुसरा हात समोरच्या पट्टीला जाऊन धरतो.

बॅगेची चेन डोळ्यांसमोर आणा. पेशीला दुभंगायचं तर ही चेन पहिल्या दातापासून शेवटच्या दातापर्यंत उघडावी लागते. कुणीतरी मध्येच सुईदोऱ्यानं दोन्ही पट्ट्यांना मिळून एक टाका घातला, तर? चेन वरून धडधाकट दिसते. बंद असते तोवर काही कळतही नाही. उघडायला गेलात की अडते.

हा टाका पडायला किती वेळ लागतो, माहीत आहे? मिनिटं! थेंब पडल्यापासून काही मिनिटांत विष कातडीत कायमचं बांधलं जातं. सैनिकाला वास येतो, तो कूस बदलून झोपतो आणि तेवढ्यात त्याच्या कातडीचं भवितव्य ठरून गेलेलं असतं. लाली मात्र दोन तासांनी येते, कधी वीस तासांनी. जखम झाल्याची बातमी जखमेनंतर इतक्या उशिरा यावी, हे मला अजूनही नीट पचत नाही. दुखणं सांगणाऱ्या मज्जातंतूंना त्या घडीला कुणी धक्काच लावलेला नसतो. उष्णता कातडीचा आज जाळते. या तेलानं हात घातलेला असतो तो पायाच्या ओळीत, म्हणजे कातडीच्या उद्यामध्ये.

मधल्या तासांत आत जीवघेणी धावपळ चालू असते. डीएनए बिघडल्याचं पेशीला कळतं आणि ती दुरुस्तीची फौज कामाला लावते. या फौजेला काम करायला पेशीच्या साठ्यातला एक मौल्यवान पदार्थ लागतो, ज्यावर पेशीची ऊर्जा चालते. बिघाड एखाद-दुसरा असता तर निभावलं असतं. इथे हजारो ठिकाणी टाके पडलेले. घर सावरायला बोलावलेल्या गवंड्यांनी कोठारातलं सगळं धान्य संपवावं तसं होतं, आणि घर उपाशी मरतं. पायाची पेशी कशी मरते याचं शास्त्रज्ञांनी दिलेलं हे एक स्पष्टीकरण आहे. मरताना ती आपल्यातले पाचक रस सांडते, सूज आणणारे निरोप धाडते. वरची कातडी खालच्या कातडीला ज्या बारीक खिळ्यांनी जोडलेली असते ते खिळे निखळू लागतात. दोन थरांच्या मध्ये फट पडते, फटीत लस झिरपते. सुरुवातीला लालीच्या कडेनं मोत्यांच्या सरासारखे बारीक फोड दिसतात. मग मोती एकमेकांत मिसळतात आणि पिवळसर पाण्यानं भरलेला मोठा, थुलथुलीत फोड तयार होतो.

बिब्याचं तंत्र मात्र निराळं. बिब्याच्या तेलाला आपलं शरीर ओळखतं, शत्रू मानतं आणि आपल्याच संरक्षक पेशी त्या जागेवर तुटून पडतात. म्हणूनच ज्याच्या शरीराची त्याच्याशी आधी ओळख झालेली असते, त्याला बिबा उततो आणि दुसऱ्याला कदाचित उततही नाही. मस्टर्डला अशा ओळखीची गरज नाही. तो कुणालाही, पहिल्याच भेटीत उततो. फोड तेवढे दोघांचे सारखे.

मस्टर्डच्या फोडातल्या पाण्यात मस्टर्ड नसतं. ते पाणी अंगाला लागलं तर दुसऱ्याला फोड येत नाहीत. विष केव्हाच पेशींना चिकटून संपलेलं असतं. उलट धोका असतो तो खुंटीला टांगलेल्या रुग्णाच्या सदऱ्यात, बुटांत, ओल्या पट्ट्यात.

मग उपाय काय? पहिला उपाय इतका घरगुती आहे की वाचून मी थबकलो. मुलतानी माती! आपल्याकडे चेहऱ्याला लावतात तीच. युरोपात धनगरी लोकरीतलं तेल काढायला ही चिकणमाती शतकानुशतकं वापरली. तिच्या कणांना एवढी सच्छिद्र अंगं असतात की तेल दिसलं की ती पिऊन टाकते. म्हणून अनेक देशांच्या सैनिकांजवळ तिची पूड असते. थेंब पडला की आधी तो टिपायचा, पूड शिंपडायची, ती तेल पिते, मग झटकायची. चोळायचं मात्र नाही. कपडे लगेच काढायचे, साबणपाण्यानं धुवायचं. आणि हे पहिल्या एक-दोन मिनिटांत. नंतर धुतल्यानं आणखी पसरणं थांबतं, पण पडलेला टाका उसवत नाही. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात आपल्या संरक्षण संशोधन खात्याची एक प्रयोगशाळा आहे. हे विष अंगावरून कसं काढायचं आणि त्यावर औषध काय, यावर तिथं वर्षानुवर्षं काम झालं आहे.

डॉक्टरांच्या हाती पडतो तेव्हा रुग्णाचा 'उद्या' उजाडलेला असतो. मस्टर्डवर उतारा नाही. त्यामुळे उपचार असतो तो कातडीला वेळ मिळवून देण्याचा. मोठे फोड उघडून स्वच्छ करायचे, मेलेली साल काढायची, चांदी असलेलं मलम लावून जंतू थोपवायचे, दुखणं आणि खाज शमवायची, गरज पडेल तिथं दुसरीकडची कातडी आणून लावायची. भाजलेल्या माणसाला सलाइन भरपूर लागतं. इथं त्याच हिशेबानं दिलं तर जादा होतं, कारण अंगातलं पाणी तितकं गळत नाही. आणि सगळ्यात कठीण म्हणजे वाट पाहणं. तेवढ्याच खोलीचं भाजलेलं दोनेक आठवड्यांत भरून येतं, ही जखम कित्येक आठवडे, कधी महिने घेते. का, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. नवी कातडी विणणारी पायाची ओळच जायबंदी झालेली असते. मग कडेच्या शाबूत पेशी इंच इंच सरकत येतात. केसांच्या मुळाशी खोलवर काही पेशी वाचल्या असतील तर त्या भोवती नव्या कातडीची बेटं उगवतात. एका केसाच्या खळग्यातून कातडीचं बेट! भरून आल्यावरही रंग पूर्वीचा राहत नाही. कुठे काळसर डाग, आणि रंग बनवणाऱ्या पेशीच मेल्या असतील तिथं पांढरे चट्टे.

हे सगळं १९१७ च्या खंदकात संपलं नाही. १९३० च्या दशकात रावळपिंडीच्या लष्करी ठाण्यात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी शिपायांना मस्टर्डच्या वाफेत उभं केलं. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीवर हे विष जास्त चढतं की कमी, हे त्यांना पाहायचं होतं. काहींच्या अंगावर फक्त अर्धी चड्डी आणि सुती सदरा असायचा. हे प्रयोग दहा वर्षांहून जास्त चालले. त्या शिपायांची पुढे कुणी विचारपूस केल्याची नोंद सापडत नाही, आणि ही गोष्ट मला फोडांच्या वर्णनापेक्षा जास्त बोचते. त्यानंतर इराण-इराक युद्ध. २८ जून १९८७ ला इराणच्या सरदश्त गावात, भर वस्तीत, इराकी विमानांनी मस्टर्डचे बॉम्ब टाकले. हजारो लोकांना ते लागलं. वीस-वीस वर्षांनी तिथल्या माणसांना विचारलं की कातडीचा त्रास कोणता, तर बहुतेकांचं पहिलं उत्तर एकच: खाज. फोड केव्हाच सुकले, कातडी कोरडी आणि डागाळलेली राहिली आणि रात्रीची खाज मात्र गेली नाही.

उतारा नाही असं मी म्हणालो. पण त्याच कुळातल्या दुसऱ्या एका विषाला उतारा मिळाला, आणि तो कसा मिळाला ही गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

लुईसाइट. विनफर्ड ली लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडलं. यानंही फोड येतात, पण हे लपून बसत नाही. लागताक्षणी आग होते. त्याचं बळ गंधकात नसून सोमलात आहे, म्हणजे आर्सेनिकमध्ये. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ या प्रश्नाला लागले. त्याआधी ते काय करत होते? कबुतरांवर काम करत होते! ब-१ जीवनसत्त्व न मिळाल्यानं कबुतरांच्या माना मुरगळतात, त्या का, हे शोधत होते. पेशीत साखरेपासून ऊर्जा काढणारी जी यंत्रणा त्या जीवनसत्त्वावर चालते, नेमकी तीच सोमलानं बंद पडते, हे त्यांना ठाऊक होतं. कबुतराची मान आणि सैनिकाचा फोड एकाच खोलीच्या दोन दारांसारखे निघाले.

पीटर्स यांचे सहकारी स्टॉकन आणि थॉम्पसन यांनी केसांतल्या प्रथिनावर सोमल सोडून पाहिला. केसांत गंधक भरपूर असतो, जळका केस घाणेरडा वास मारतो तो त्यामुळेच. त्यांना दिसलं की सोमलाचा एक अणू गंधकाच्या एका हाताला धरून थांबत नाही, दोन हातांना मिळून पकडतो. मग त्यांनी साधा, सुंदर विचार केला. शेजारी शेजारी दोन गंधक असलेला एक छोटा रेणू बनवला तर? चिमट्यासारखा. सोमल पेशीला सोडून या चिमट्यात जास्त घट्ट बसेल. बसला! कातडीला लुईसाइट लागून काही वेळ गेल्यावर हे औषध चोळलं, तरी ते आत शिरून पेशीला धरलेला सोमल सोडवून आणायचं. शरीरात आधीच बसलेलं विष मागे फिरवता येतं, हे तोवर कुणी इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं.

लुईसाइट त्या युद्धात फारसं वापरलंच गेलं नाही. पण चिमटा राहिला. डायमर्कॅप्रॉल हे त्याचं नाव. शेंगदाणा तेलात मिसळून ते दंडात किंवा कुल्ल्यात खोल टोचतात, आणि ते फार दुखतं. सोमलाच्या, पाऱ्याच्या विषबाधेत आजही ते देतात. १९५१ मध्ये ते आणखी एका दारात शिरलं. विल्सन नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं, बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं दिसू लागतं, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. सोमल पकडणारा चिमटा तांबंही पकडतो. ज्या तरुण मुलांना काही औषधच नव्हतं, त्यांचे हात स्थिर होऊ लागले.

मस्टर्डकडे परत येऊ. एडिंबराला शार्लट ऑअरबाख नावाच्या एक जनुकशास्त्रज्ञ होत्या, नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू निर्वासित. १९४० च्या सुमारास त्या एका इमारतीच्या छतावर फळमाश्यांना मस्टर्डच्या वाफेत धरत. उपकरणं ओबडधोबड, हात भाजायचे. डॉक्टरांनी बजावलं, आणखी लागलं तर हात कायमचे जातील. पण माश्यांच्या पुढच्या पिढ्यांत त्यांना दिसलं की गुणसूत्रांत कायमचे बदल झाले आहेत. रसायन आनुवंशिकतेत हात घालू शकतं याचा हा पहिला पक्का पुरावा! डीएनएचा आकार कसा, हे कळायला अजून दहाबारा वर्षं होती. युद्धाच्या गुप्ततेमुळे हे सगळं १९४६ पर्यंत छापताही आलं नाही.

म्हणजे कातडीच्या पलीकडे, पेशीच्या पोथीपर्यंत हे विष पोचतं. मग जिथं जिथं पेशी भराभर दुभंगतात तिथं तिथं ते अडकवणार. अशी कारखानदारी शरीरात आणखी कुठे आहे? हाडांच्या मगजात, जिथं रक्ताच्या पेशी बनतात.

२ डिसेंबर १९४३. इटलीतलं बारी बंदर. संध्याकाळी जर्मन विमानांनी हल्ला केला आणि बरीच जहाजं बुडाली. त्यातल्या 'जॉन हार्वी' या अमेरिकन जहाजावर मस्टर्डचे २,००० बॉम्ब होते आणि ते इतकं गुप्त होतं की इस्पितळात कुणालाही माहीत नव्हतं. विष जहाजांच्या सांडलेल्या तेलात मिसळलं. खलाशी त्यात पोहले, बाहेर काढले गेले, ओल्या कपड्यांनिशी घोंगड्यांत गुंडाळून त्यांना गरम चहा दिला. धक्का बसलेल्या माणसाला ऊब द्यावी, हा उपचार बरोबरच होता! फक्त त्या उबेत तेल रात्रभर आत उतरत राहिलं. सकाळी डोळे मिटलेले, अंगभर फोड. ६२८ जण मस्टर्डचे रुग्ण ठरले, त्यांतले ८३ त्या महिन्यात दगावले.

तपासासाठी स्ट्युअर्ट अलेक्झांडर या तरुण अमेरिकन लष्करी डॉक्टरला पाठवलं. दारातून आत येताच त्यांना लसणाचा वास आला. कोण कुठल्या जहाजावर होतं याचा त्यांनी नकाशा काढला, तेव्हा रुग्ण एका जहाजाभोवती दाटत गेले. ब्रिटिश सरकारनं मान्य करायला नकार दिला तरी ते निदानावर ठाम राहिले. त्यांच्या वहीतल्या एका नोंदीकडे आज सगळे वळतात: रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिसामाशी नव्हे, दिवसागणिक गळत चालल्या होत्या.

केमोथेरपीचा जन्म बारीत झाला, असं पुष्कळदा लिहितात. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या महायुद्धातल्या रुग्णांचंही रक्त असं ओसरलं होतं आणि ते १९१९ मध्ये छापूनही आलं होतं. आणि बारीच्या वर्षभर आधी येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी गंधकाच्या जागी नायट्रोजन असलेलं मस्टर्डचं भावंड हाती घेतलं होतं. पांढऱ्या पेशी गळत असतील, तर पांढऱ्या पेशींचाच कर्करोग झाला असताना? आधी उंदीर. मग २७ ऑगस्ट १९४२ ला एक माणूस, ज्याचं नाव कागदांवर फक्त जे. डी. एवढंच आहे. गळ्यातल्या गाठींमुळे त्याला गिळता येत नव्हतं, डोकं वळवता येत नव्हतं. रोज एक अशी दहा इंजेक्शनं. गाठी विरघळल्या! तो हात वर करू लागला, जेवू लागला. काही आठवड्यांनी गाठी परत आल्या आणि डिसेंबरात तो गेला. पण शिरेतून दिलेल्या औषधानं गाठ विरघळते, हे माणसानं पहिल्यांदा पाहिलं होतं.

कर्करोगाची पेशी म्हणजे सतत चेन उघडणारी पेशी. टाका तिलाच सगळ्यात जास्त नडतो. त्या टाक्याच्या जोरावर पुढे औषधांचं एक घराणं उभं राहिलं. १९५० च्या दशकात जर्मनीत बनलेलं सायक्लोफॉस्फामाइड त्यातलंच. ते शरीरात शांत, हात गुंडाळून शिरतं आणि यकृत ते उलगडतं. परळच्या टाटा रुग्णालयापासून तालुक्याच्या गावातल्या कर्करोग केंद्रापर्यंत, स्तनाच्या आणि रक्ताच्या कर्करोगासाठी सलाइनच्या नळीतून थेंब थेंब जाणाऱ्या औषधांत ते असतं. केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. भराभर दुभंगणाऱ्या त्याच त्या जागा.

शेवटचं आश्चर्य पुन्हा कातडीवरचंच. मायकोसिस फंगॉइडीस नावाचा कातडीचा एक कर्करोग आहे. नावात बुरशी आहे, आजारात नाही. पांढऱ्या पेशी कातडीत घर करतात आणि गजकर्णासारखे लाल, खवलेदार चट्टे उठतात. वर्षानुवर्षं लोक त्याला साधं इसब समजतात. २०१३ मध्ये अमेरिकेत त्यावर एक जेल मंजूर झालं. त्यातलं औषध आहे जे. डी.ला दिलेल्या नायट्रोजन मस्टर्डचं सख्खं भावंड, फार विरळ केलेलं. रुग्ण दिवसातून एकदा फ्रीजमधून ट्यूब काढतो, चट्ट्यावर पातळ थर देतो आणि वाळायला पाच-दहा मिनिटं तसाच बसून राहतो. मग सदरा घालतो. बायको किंवा मुलगा लावून देणार असेल तर त्यांनी नायट्रिलचे हातमोजे घालायचे असतात. पुढच्या भेटीत डॉक्टर बाही वर सारून चट्टा पाहतात आणि पहिला प्रश्न विचारतात: लावल्यावर किती दिवसांनी लाल झालं?